उजवा फ्लोअर मी दिलेला नाही

दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी पान ठेवून मागे वळताहेत तोच आला, चोच मारली आणि भात उचलून माडावर जाऊन बसला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणी म्हणालं, पुण्यवान माणूस, इच्छा म्हणून काही मागे ठेवली नाही. मी लांब उभी होते. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मला तुझा इतका राग आला उल्हास, की तिथेच ओरडून तुला परत बोलवावंसं वाटलं.

काहीच राहिलं नव्हतं तुझं? इतकं सगळं सुरळीत झालं होतं? ज्या माणसाने तुझ्या हातांची चारचौघांत टर उडवली, तुझ्या शेडमधलं काम तोडलं, त्याचं नाव एकदा तरी काढायला तो कावळा थोडा थांबला असता तर काय बिघडलं असतं? मी मनात म्हणत होते, थांब, अडून बस, आयुष्यात एकदा तरी अडून बस. पण नाही. जिवंतपणी सोडत आलास, मेल्यावरही सोडून मोकळा झालास.

लोकांसमोर तुला मी ‘अहो’ म्हणायचे. आता ऐकणारा तू एकटाच, त्यामुळे घरातलं ‘तू’च चालवते. आणि आपल्या घरात भांडण अर्धं टाकून कुणी उठत नाही. तू उठलास. म्हणून उरलेलं मी लिहून काढते आहे.

ती लाल गाडी आली तेव्हा तू किती खूश होतास. दोन माणसांची, बसकी, डोक्यावर पत्र्याचा टप नसलेली, पोर्तुगीज काळात कुणा खाणवाल्याने हौसेने आणलेली. पेडण्याच्या किनाऱ्यावर हॉटेल काढलेल्या विनायकशेटने ती कुठूनशी मिळवली आणि डिचोलीला आपल्या शेडमध्ये ओढत आणून टाकली. वरून अजून दिमाख होता. तू मात्र वर बघितलंच नाहीस. गुडघ्यावर बसलास, आतला कुजका गालिचा उचललास आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवलास. तो फ्लोअरमधून आरपार जाऊन खालच्या मातीत रुतला.

तू माझ्याकडे बघून म्हणालास, “बघ, तुमच्या शिवणकामाचे प्रताप.”

हे आपलं जुनं भांडण. मी गाड्यांच्या सीटा आणि गालिचे शिवायचे, तू पत्र्याचं काम करायचास. तुझं म्हणणं, फ्लोअर पावसाने कुजत नाही, गालिच्याखालच्या नमद्याने कुजतो, तो पाणी पितो आणि सोडत नाही. माझं म्हणणं, टपातून पाणी आत येऊ दिलं कुणी, तुझ्या पत्र्याने. इतकी वर्षं एका शेडखाली काम केलं, पण या गोष्टीचा निकाल लागला नाही. आता तू नसताना तुझं खरं मानून टाकावं असं मला वाटेल, अशी तुझी समजूत असेल तर ती काढून टाक. पाणी टपातूनच येतं.

त्या फ्लोअरमध्ये काय काय निघालं, आठवतं? ठिगळावर ठिगळ. कुणी डांबर ओतलेलं, कुणी तेलाचा डबा कापून ठोकलेला, त्यावरची अक्षरंही वाचता येत होती. त्याखाली खाणीची लाल धूळ थरच्या थर बसलेली. आणि अगदी तळाशी केसांची एक पिन. कोण बाई बसली असेल त्या गाडीत, कुठे निघाली असेल! तू ती पिन रॉकेलने धुतलीस, सदऱ्याला पुसलीस आणि माझ्या केसांत खोचलीस. मी म्हटलं, “वास येतो.” तू म्हणालास, “येऊं दी.” नातवंडाची चाहूल लागलेली बाई मी, आणि त्या दुपारी मला उगाचच लाजायला झालं.

टप नसलेल्या गाडीचं दुखणं तू मला तेव्हाच समजावून सांगितलंस. टप असेल तर गाडीला वरून आधार असतो. हिला नाही. हिचा सगळा जीव दोन फ्लोअरमध्ये आणि दारांखालच्या उंबऱ्यांमध्ये. एका वेळी एकच बाजू कापायची, आणि त्याआधी दारं काढून त्या जागी आडवेतिडवे पायप वेल्डिंगने पक्के करायचे. नाहीतर गाडी मधोमध बसते आणि दारं जन्मात लागत नाहीत. तू दोन्हीकडे पायप लावलेस. रोज सकाळी चहा घेऊन आलास की आधी पायपांवर बोटं वाजवायचास, मग ग्राइंडर हातात घ्यायचास. फणसाच्या फळीत खाचा पाडून त्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने तू त्या फ्लोअरच्या उभ्या पन्हाळ्या उठवल्यास. डावा बसवलास. होडीवाले होडीच्या तळाला लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल त्याला खालून चोपडलंस. मी नको नको म्हणत होते, बाजारात चांगलं रबराचं औषध मिळतं. ऐकलं नाहीस. त्या तेलाने तळहात फोडांनी भरले आणि आठवडाभर मी तुला भरवलं. कालवलेल्या भाताची शीतकढी ओठांवरून गळायची आणि तू हसायचास.

मग उजवा फ्लोअर कापून काढलास, नवा घडवून भिंतीला टेकवून ठेवलास, आणि वास्कोहून फोन आला. पोरीचे दिवस भरले होते. आपण दोघं निघालो. तू निघताना परत एकदा पायपांवर हात फिरवलास. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. देवासमोर सांगेन.

परत आलो तर पायप नव्हते.

दोन्ही बाजूंचे साफ कापलेले. गाडी मधे बसली होती. तू दार उचलून लावून बघितलंस, ते वरच्या कोपऱ्यात अडलं आणि खाली बोटभर फट राहिली. तू बराच वेळ ते दार तसंच धरून उभा होतास. काय झालं ते मला चार दिवसांत कळलं, कारण विनायकशेटच्या हॉटेलात फोटोच लागला. लाल गाडी, आत शेट आणि त्याचा कुणी बडा पाहुणा, दोघं फळीवर बसलेले, हात उंचावून. लोखंडी पायप फोटोत वाईट दिसत होते, म्हणून कापायला लावले होते. एका फोटोसाठी!

आणि मग त्याने केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सोमवारच्या आरतीनंतर, देवळाच्या अंगणात, सगळे प्रसाद खात उभे असताना तो मोठ्याने म्हणाला, “उल्हास मेस्तान माझी गाडी मोडून ठेवल्यान. पायप काडून वास्कोक गेलो. आता ह्येचे हात जनेलाचे गज जोडूक बरे.”

लोक हसले. सगळे नाही, पण हसले. मी तुझ्या बाजूला उभी होते. तुला कोपराने ढोसलं. म्हटलं, बोला. तू हातातल्या द्रोणाकडे बघत होतास. मी परत म्हटलं. तू द्रोण नीट घडी करून खिशात ठेवलास आणि चालू लागलास. घरी येईपर्यंत मी रस्त्याने तुला काय काय बोलले! तुझं उत्तर एकच: “सोड गो, शैला. लोखंड तें. माणूस न्हय.”

सोड गो. हे दोन शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखे ठोकले गेले आहेत. शेट गाडी तशीच ओढून घेऊन गेला. उजवा फ्लोअर तेवढा भिंतीला राहिला. त्यानंतर जुनी गाडी म्हणून आपल्या शेडमध्ये आली नाही. तू खरंच खिडक्यांचे गज जोडू लागलास. मयेच्या कुणाचं गेट, मुळगावच्या कुणाची ग्रिल. वाईट काम नाही ते, मी वाईट म्हणत नाही. पण संध्याकाळी तू त्या फ्लोअरवरची धूळ पुसायचास ना, ते मी स्वयंपाकघरातून बघायचे, आणि माझ्या हातातलं भांडं आपटायचं. तुला वाटायचं मी तुझ्यावर चिडले आहे. अर्धं तुझ्यावरच होतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी विनायकशेट आला. पांढरे कपडे, हात जोडलेले. बसायला कदेल पुढे केली, बसला. उसासे झाले. “सोन्यासारखो माणूस” झालं. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “वहिनी, तो उजवो फ्लोअर उल्हासान करून ठेवलेलो मा? आसा काय अजून?”

गाडी दुरुस्त करायला त्याने बाहेरून माणूस आणला होता. तो माणूस म्हणाला म्हणे, डावा ज्याने केला त्याचाच उजवा पाहिजे, पन्हाळीला पन्हाळी जुळली पाहिजे, नाहीतर ठिगळ ते ठिगळच दिसेल. बघ. तुझे हात. शेवटी तेच लागले. मला क्षणभर इतकं बरं वाटलं की तू आत झोपला आहेस आणि आत जाऊन तुला सांगावं असंच मनात आलं. मग फोटोपुढचा दिवा दिसला.

मी त्याला म्हटलं, “आसा. पंधरवड्यान देवळात शोकसभा आसा. तुमी मुख्य वक्ते. थंय सगळ्यांसमोर सांगा, पायप कोणी काडले. तसाच गाडीत घालून देतंय.”

तो हसला. खरोखर हसला, तुझ्या फोटोसमोर. म्हणाला, “सांगतंय. पण वहिनी, पायप कोणी कापल्यान, ता आधी तुझ्या भावाक इचार.”

आनंद तेव्हा मागच्या अंगणात तेराव्याच्या मांडवाची ताडपत्री बांधत होता. माझा सख्खा भाऊ, शेटच्या हॉटेलची गाडी चालवणारा. मी त्याला शेडमध्ये बोलावलं. काही विचारायच्या आधी तो भिंतीला टेकवलेल्या त्या फ्लोअरकडे बघायला लागला, आणि मला कळलं.

“शेटान सांगल्यान, ताई. फोटो काडूचो आसा, पायप दिसतत, काप. मी म्हटलंय भावजींका इचारूया. तो म्हणालो, गाडी कोणाची? ... मी कापलंय.”

“आणि ह्यांना म्हायत होतां?”

“वास्कोसून इले त्याच दिवशी त्येंका कळला. माज्या शर्टार ग्राइंडराचे ठिणगे पडून भोकां पडलेली. भावजी म्हणाले, आनंदा, ताईक सांगा नको. ती तुका दार बंद करतली. तिचा माहेर तुटतला.”

उल्हास, मी तिथे जमिनीवर बसले. इतके दिवस जे रडू लोकांसमोर येत नव्हतं ते तेव्हा आलं. आनंद जवळ येत होता, त्याला हाताने अडवलं.

माझं माहेर. तू माझं माहेर राखत होतास! देवळाच्या अंगणात तो द्रोण घडी करताना तू हे ठरवून उभा होतास. मी कोपराने ढोसत होते, आणि तू माझ्याच भावाला झाकत होतास. शेटला हे ठाऊक होतं, म्हणून तर तो इतक्या मोठ्याने बोलू शकला. तू तोंड उघडलंस की माझ्या भावाचं नाव निघणार, हे त्याला माहीत होतं. त्याने तुला माझ्याच नावाने बांधून ठेवलं आणि वर लाथ मारली.

त्यानंतरच्या तीन भाऊबिजांना मी आनंदला ओवाळलं. तू शेजारच्या पाटावर बसून करंज्या खात होतास. एकदा तर त्याला आग्रह करून दुसरी वाढ म्हणालास. काय माणूस आहेस तू! तुझे पाय धरावेत असं वाटतं, आणि त्याच वेळी तुला गदागदा हलवावंसं वाटतं. कारण तू मला विचारलं नाहीस. तुझी अब्रू आणि माझा भाऊ, दोन्ही माझंच होतं ना? मग निवड माझी होती. मी काय निवडलं असतं ते तुला चांगलं माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाहीस. आनंदला तू खरं तेच सांगितलंस. मी दार बंद केलं असतं.

मी आनंदला सांगितलं, शोकसभेत तू बोलायचंस. तो म्हणाला, नोकरी जातली. म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, पोरांच्या शाळा. म्हटलं, माझ्या नवऱ्याचंही सगळं गेलं, त्याने पोरांच्या शाळा सांगितल्या नाहीत. संध्याकाळी पेडण्याहून आईचा फोन आला, “भावाक चारचौघांत उभो करतलंस? घोव गेलो, आता भावाक पण घालव.” मी फोन ठेवला. तू इतकी वर्षं जे जपलंस ते मी एका फोनमध्ये तोडलं. हे तुला आवडणार नाही ते कळत होतं. कळूनच केलं.

शोकसभा देवळाच्या सभागृहात झाली. तुझा फोटो मोठा करून लावला होता, जरा जास्तच गोरा केलेला. तू पालखीची तिवई केलीस, मांडवाचे खांब केलेस, कधी काही घेतलं नाहीस, हे सगळं बोलून झालं. मग विनायकशेट उठला. माझ्याकडे बघून घेतलं, आनंदकडे बघून घेतलं. निर्धास्त होता. भाऊ काय बहिणीच्या सांगण्यावरून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार! तो म्हणाला, उल्हासच्या हातात कला होती, माणूस म्हणून कुणीही चुकतं, आपण त्याची चूक विसरूया.

चूक विसरूया म्हणाला. मरणोत्तर तुला माफ करून टाकलं त्याने.

मी उठले. सभेत बाया मागे बसल्या होत्या, त्यातून वाट काढत पुढे गेले. देवस्थानचे अध्यक्ष पुंडलिकबाब हाताने बस बस करत होते. माझ्यासारखीने अशा दिवशी उठायचं नसतं, ते मला ठाऊक आहे. माइक हातात घेतला आणि म्हटलं, “माझा भाऊ दोन शब्द बोलणार आहे.” एवढंच. आणि तिथेच उभी राहिले, आनंद येईपर्यंत.

तो आला. तुला सांगते, मला वाटलं होतं तो नाही येणार. डोळे खाली, पण आवाज स्पष्ट. “पायप भावजींनी काडूक नाय. शेटान सांगल्यान, मी कापलंय. फोटोसाठी. भावजी माझ्यासाठी गप रवले.” एवढं बोलून त्याने तुझ्या फोटोला हात जोडले आणि मग कोसळला. खरंच कोसळला, खुर्चीला धरून.

मी आनंदकडे बघितलंही नाही. शेटकडे बघत होते. मला त्याचं तोंड बघायचं होतं. बघितलं. आधी पांढरं, मग लाल. “शोकसभेत ह्या शोभता काय?” म्हणत तो उठला. चपला शोधताना त्याचा पाय दुसऱ्याच्याच चपलेत गेला, ती तशीच झटकली आणि निघून गेला. मला आनंद झाला. लपवत नाही. गोड जेवण झाल्यासारखं पोट भरलं. असा आनंद मला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता.

ते सुख मी देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकलं. पायरीवर पुंडलिकबाब भेटले. माझ्या डोक्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाले, “कित्याक गो इतलें केलें? आमकां पयलींच खबर आशिल्लें. उल्हास मेस्त पायप काडून खंय वचत? भुरग्याक लेगीत खबर आशिल्लें.”

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. विचारलं, “सगळ्यांना ठाऊक होतं? पोरासोरांनाही?”

“सगळ्यांक.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

ते म्हणाले, “शेट देवळाक येता, देणगी दिता... आनी उल्हास स्वता खंय कितें बोलतालो?”

घरी आल्यावर तुझ्या फोटोसमोर बसून सांगायचं मी किती दिवस ठरवून ठेवलं होतं, की तुझं नाव धुऊन आणलं. पण धुवायला होतं काय? कुणी ते खोटं खरं मानलंच नव्हतं. हसणारे हसले तेही सगळं ठाऊक असून हसले. तू गज जोडत होतास तेव्हा रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस जाणत होता, आणि तुला हात करून पुढे जात होता. आणि तुलाही हे ठाऊक असणार. तू त्यांचे चेहरे रोज बघत होतास.

आनंदची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. तो सकाळी येतो, शेडमध्ये बसतो, मी चहा देते, बोलत नाही. शेटने दुसऱ्या माणसाकरवी परत निरोप पाठवला, झालं गेलं गंगेला मिळालं, फ्लोअर तेवढा द्या. मी निरोप घेऊन येणाऱ्याला चहा दिला आणि परत पाठवला. पुंडलिकबाबांनी पालखीच्या तिवईला एक टाका मारायचा आहे, तुझं वेल्डिंग मशीन मिळेल का म्हणून विचारलं. त्यांनाही नाही म्हटलं. आपल्या घरातून देवळाला आता खिळासुद्धा जाणार नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, सोड गो. नाही सोडत. शेटला माफ केलेलं नाही, भावाला नाही, गावाला नाही. आणि माझ्यासाठी इतकं सोसलंस, मला न विचारता, म्हणून तुलाही नाही.